अम्मीच्या बोलण्यावर चालणारी गाडी

माझ्या अब्बांना दिसत नव्हतं आणि तरी ते गाडी चालवत होते. हे असं सरळ सांगून टाकलेलं बरं. आमच्या घरात ते कुणीच सरळ सांगितलं नाही, म्हणून तर पुढचं सगळं झालं.

करंजाड्यातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये अम्मी तिच्या तोंडाच्या पट्ट्यासाठी प्रसिद्ध होती. अब्बांनी निळी बलेनो गेटबाहेर काढली, की शेजारच्या सीटवरून ती सुरू व्हायची. "उजवीकडून रिक्षा येतेय. स्पीडब्रेकर आहे, हळू. आता मोकळं आहे, जाऊ द्या. अहो, म्हातारा रस्ता ओलांडतोय, थांबा ना जरा." तळमजल्यावरचे दाजी मूळचे करंजाडे गावातले, जमिनी गेल्यावर इथे फ्लॅट घेऊन राहिलेले. ते कट्ट्यावरून ओरडायचे, "भाभी, तुमीच चालवा ना आता! हाफिजभाईला मागं बसवा!" अब्बा हसायचे. अम्मीही हसायची आणि पुढचा खड्डा सांगायची.

मलाही वाटायचं, किती ही किटकिट. नवऱ्याने आयुष्यभर गाडी चालवली आणि ही त्याला ब्रेक कुठे दाबायचा ते शिकवतेय!

अब्बा बावीस वर्षं कुवेतमध्ये एका घरी ड्रायव्हर होते. अशा गाड्या चालवल्या, की त्यांचे फोटो पाठवले तरी आमच्या नातेवाइकांचे डोळे फिरायचे. पण कुठे जायचं, कधी निघायचं, किती वेळ उन्हात थांबायचं, ते मागच्या सीटवरचा माणूस ठरवणार. फोनवर ते अम्मीला म्हणायचे, "एक दिवस माझी गाडी असेल. तू पुढे बसशील, माझ्या बाजूला. मागे कुणी नाही." शोरूममध्ये किल्ली हातात पडली तेव्हा ते सगळ्यांसमोर रडले. दादी गेली तेव्हासुद्धा मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. सीटवरचं प्लास्टिक त्यांनी वर्षभर काढू दिलं नाही. उरणला अम्मीच्या बहिणीकडे, खालाकडे जायचं असो नाहीतर पनवेलच्या बाजारातून कोथिंबीर आणायची असो, गाडीशिवाय त्यांचं पान हलत नव्हतं.

कुवेतहून ते मधुमेहही घेऊन आले होते. त्यानेच डोळे खाल्ले. डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून सांगितलं, की उजवा डोळा गेला आहे, डाव्याला सावल्या दिसतील, त्याही फार दिवस नाहीत, आणि गाडी आजपासून बंद. दोघं बाहेर आली. अब्बा नेहमीच्या जागी बसले, स्टिअरिंगवर हात ठेवला आणि म्हणाले, "दिलशाद, तू सांग. मी चालवतो."

आणि तिने सांगितलं. त्या दिवशी ती नाही म्हणाली असती, तर कदाचित ते उतरले असते. मला आजही तिचा या गोष्टीचा राग येतो. बावीस वर्षं ज्या सीटची वाट पाहिली, तिच्यावर बसून ती त्यांच्याशी असं वेड्यासारखं वागली.

मला हे कळलं ते एका संध्याकाळी. मी मागे बसले होते. गाढी नदीचा पूल ओलांडून आम्ही करंजाड्यात शिरलो होतो. अब्बांना ठसका लागला, म्हणून अम्मी खाली वाकून पाण्याची बाटली शोधू लागली. तेवढ्यात ट्यूशनच्या क्लासमधून एक मुलगी सायकलवरून बाहेर आली. मी "ब्रेक!" म्हणून किंचाळले. सायकलचं मागचं चाक वाकलं. मुलगी डावीकडे उडी मारून उभी राहिली होती, थरथरत, पण धडधाकट. अब्बा घाईने उतरले. "बेटा, लागलं का तुला? माफ कर बेटा," असं ते अगदी कळवळून म्हणत होते, आणि म्हणत होते उजवीकडच्या सिमेंटच्या बाकाला.



घरी आल्यावर मी अम्मीला स्वयंपाकघरात गाठलं. तिने काही लपवलं नाही. "मी असते ना सोबत," एवढंच म्हणाली, आणि मग तिलाच ते वाक्य पुढे बोलवेना. मी अब्बांकडे गेले. जे तोंडात येईल ते बोलले. मुलगी मेली असती म्हटलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मेली नाही ना? अल्लाहने वाचवलं. तुझी अम्मी आता जास्त लक्ष देईल."

मी किल्ली लपवली. ते जेवायचे बंद झाले. साखरेच्या माणसाने जेवायचं नाही म्हणजे काय, हे घरात सगळ्यांना माहीत होतं, त्यांना तर पक्कं माहीत होतं. किल्ली द्यावी लागली. मग अम्मी म्हणाली, मी येणार नाही, पाय दुखतात. ते एकटे निघाले. ती अनवाणी जिने उतरून धावली आणि चालत्या गाडीचं दार उघडून आत बसली. दाजी हसले, "भाभीशिवाय गाडी सुरूच होत नाय काय!" मी वरून ते पाहत होते. मला दाजींच्या अंगावर काहीतरी फेकावंसं वाटलं. पण त्यांना तरी काय माहीत?

त्या मुलीनंतर अम्मीची झोप उडाली. दिवसभर ती गप्प असायची. गाडीत बसली, की तोंड सुरू.  एकदा मला हाक मारून म्हणाली, "तूबा, कुणाचं तरी लेकरू जाणार माझ्या हातून." त्यांच्या हातून नाही म्हणाली, माझ्या हातून म्हणाली.

पुढच्या शुक्रवारी ती दोघं मशिदीला निघाली तेव्हा मी नेहमीसारखी मागे बसायला गेले. अम्मीने मला दारातच अडवलं. "तू आज घरीच थांब," म्हणाली. मी थांबले आणि बाल्कनीत जाऊन उभी राहिले.

परतताना गाडी आमच्या गल्लीत वळली. दुपारची वेळ, गल्लीत चिटपाखरू नव्हतं. गेट उघडं होतं. अम्मीचा आवाज वर येत होता, "हळू. अजून हळू. वळवा आता." मग आवाज बंद झाला. गाडी वळली ती जरा जास्तच डावीकडे वळली. समोर गेटचा सिमेंटचा खांब होता. मला काचेतून अम्मी दिसत होती. तिने डोळे मिटले नव्हते. ती त्या खांबाकडे बघत होती आणि तिचं तोंड घट्ट बंद होतं.

गाडीची डावी बाजू खांबावर गेली. तिचीच बाजू.

अब्बांना खरचटलंही नाही. अम्मीचा हात मनगटाच्या वर मोडला. हॉस्पिटलमध्ये प्लास्टर घालून झाल्यावर अब्बा तिच्या खाटेजवळ बसले.  मग विचारलं, "खांब होता ना? तुला दिसला नाही?"

"दिसला," अम्मी म्हणाली.

अब्बांनी मान फिरवली. मी बाहेर आले आणि भिंतीला टेकून उभी राहिले. नंतर मी तिला रागाने विचारलं, की खोटं बोलायला काय गेलं असतं तुझं? ती म्हणाली, "माझ्या बोलण्यावर त्यांनी इतके दिवस गाडी चालवली. आता त्यांच्याशी खोटं कसं बोलू?"

गाडी दुरुस्त होण्यासारखी होती. अब्बांनीच नको सांगितलं. कळंबोलीचा एक माणूस ती टो करून घेऊन गेला. अब्बा खाली उतरलेही नाहीत. किल्ली त्यांनी माझ्या हातात दिली. भांडण नाही, शिवी नाही, एक वाकडा शब्द नाही. भांडले असते तर सोपं झालं असतं.

पावसाळा संपता संपता सावल्याही गेल्या. आता अब्बांना काहीच दिसत नाही. ते घरात चाचपत चालतात. मी हात धरला तर येतात. दाजी म्हणाले, "चला हाफिजभाई, पुढं सपाट हाय," की ते बिनधास्त पाय टाकतात.

काल लिफ्ट बंद होती. अम्मी त्यांना जिन्याने खाली नेत होती, मी मागे होते. ती प्रत्येक पायरी सांगत होती, अगदी गाडीत सांगायची तशी. ते प्रत्येक पायरीवर थांबायचे, आधी पाय पुढे करून स्वतः बघायचे, मगच उतरायचे. खाली पोचल्यावर ती म्हणाली, "संपल्या पायऱ्या." अब्बा थांबले. त्यांनी एक पाय उचलला आणि सपाट फरशीवर पुढची पायरी शोधत राहिले. अम्मी त्यांचा कोपर धरून उभी होती. ती पुन्हा काही म्हणाली नाही.