भोक असलेला अर्धा

मी क्रँकशाफ्टच्या, म्हणजे इंजिनात फिरणाऱ्या दांड्याच्या, बेरिंगचा एक अर्धा भाग बोलतोय. दिसायला अर्ध्या बांगडीसारखा, पण अख्खा क्रँक माझ्यावर फिरतो! माझा जोडीदार थेट माझ्यासारखाच. फक्त माझ्या पाठीला भोक आहे, त्याला नाही. भोकातून तेल येतं, म्हणून मी इंजिनाच्या अंगात बसायचं आणि त्यानं झाकणात.

कोरियातल्या जेजू बेटावर बोटवाल्या ओक्जानं मला डब्यातून काढलं तेव्हा मला कोण आनंद झाला! उद्या बंदी उठून समुद्र उघडणार होता. शेवाळ काढायला बुड्या मारणाऱ्या बायकांना तिचीच बोट नेणार होती. गेल्या वर्षी हे इंजिन भर प्रवाहात जाम झालं, आणि बुडी मारायला उतरलेली ओक्जाची सासू मालसुन वाहून जाता जाता वाचली होती.

ओक्जा आम्हांला बसवून पाना आणायला गेली. तेवढ्यात मालसुन आजी इंजिनाच्या पूजेला तांदळाची दारू घेऊन आली. मला बघून तिचा पारा चढला.

"अगं बाई, भोक पडलेला माल गळ्यात मारला की हिच्या! देवाला असलं दाखवायचं?"

तिनं मला उपटून झाकणात लपवलं आणि धडधाकट जोडीदाराला माझ्या जागी बसवलं. तेलाची वाट बंद! माझा जीव टांगणीला लागला.

ओक्जा पाना घेऊन परतली. क्रँक ठेवण्याआधी तिनं तेलाच्या वाटेत तार घातली. तार अडली.

"आई! हात कुणी लावला याला?"

"मीच. फुटका होता तो."

"फुटका नाही हो, तोंड आहे ते त्याचं! उद्या पुन्हा तुम्हीच वाहत गेला असतात."

आजीचा चेहरा उतरला. "मग बघत काय बसलीस? काढ त्याला!"

"काढते. पण दारू आत ओतू नका हं."

"एवढी खुळी नाही मी."

"ते आत्ताच बघितलं!"

दोघी खो-खो हसल्या. ओक्जानं आमच्या पाठी कोरड्या पुसल्या, पोटाला तेल लावलं आणि मला माझ्या जागी दाबलं.

दुसऱ्या दिवशी काय तो आरडाओरडा, काय त्या उड्या! दुपारी प्रवाह फिरला. आजी सगळ्यांत लांब होती. ओक्जानं चावी फिरवली, माझ्या भोकातून तेल धावत आलं आणि क्रँक असा अलगद फिरला की मला स्पर्शही कळेना! बोट आजीपाशी पोचली आणि ती भरल्या जाळ्यासकट वर आली. काकडत इंजिनाला ओला गाल टेकून म्हणाली, "पोटभर पी रे, लेकरा."

आता मी कुणाला दिसत नाही, आणि पुन्हा दिसू नये हीच माझी इच्छा. तुम्ही मात्र बसवताना तार घालून बघाच. तेव्हा आम्हांला बोलता येत नाही. आम्ही ओरडतो ते भर समुद्रात, आणि तोवर फार उशीर झालेला असतो.