पायाळूची पाठ

गोजरबाई पायांकडून जन्मली, एवढाच तिचा गुन्हा. बाकीची लेकरं डोकं पुढे करून जगात येतात, ही पाय पुढे करून आली, आणि त्या दिवसापासून तिचे पाय तिचे राहिलेच नाहीत. पायाळू माणसानं पाठीवरून पाय फिरवला की भरलेली उसण उतरते, हे धामणगाव बढ्यात कुणाला शिकवावं लागत नसे. उसण तशीही चार-आठ दिवसांत आपली आपण उतरते, पण असं बोलून दाखवायची सोय नव्हती.

कापसाचे दिवस आले की तिच्या ओसरीवर पाठींची रांग लागे. कुणी गाडीत बोजे चढवताना लचकलेला, कुणी मोट हाकताना, कुणी नुसताच शिंकताना. माणूस पालथा पडायचा आणि गोजरबाईनं एका पायावर उभं राहून दुसरा पाय त्याच्या मानेपासून माकडहाडापर्यंत तीनदा न्यायचा. सगळ्या गावाच्या पाठी तिला टाचेनं पाठ झाल्या होत्या. कुणाचे मणके वर आलेले, कुणाच्या बरगड्या नुसत्या काड्या. कुणाचा खांद्याचा फरा असा बाहेर की पाय अडावा. माळ्याच्या घरातली बाई, मळ्यातली वांगी तोडायची, भाकरी थापायची, पाणी भरायचं आणि वर हे. आणि तिची स्वतःची पाठ? पायाळूची पाठ दुखत नसते. असं लोकांनीच ठरवून टाकलेलं.

ती दुखत होती, चार वर्षं दुखत होती. दिवाळीनंतर नवऱ्याबरोबर, रंगरावाबरोबर, ती भाजीची गाडी घेऊन मलकापूरला गेली. तो बाजारात दंग आहे असं पाहून एकटीच सरकारी दवाखान्यात जाऊन बसली. तिथे भिंतीवर माणसाच्या हाडांचा मोठा तक्ता होता. मानेचे मणके, पाठीचे मणके, त्यांना दोन्हीकडून धरलेल्या बरगड्या, खाली कंबर आणि शेवटी माकडहाड. गोजरबाईला अक्षरओळख नव्हती, पण तक्त्यातला तो माणूस तिला चांगला ओळखीचा वाटला. डॉक्टरांनी तिच्या कमरेवरून बोटं फिरवली आणि एका जागी थांबले.

"बाई, हा मणका खालच्या मणक्यावरून पुढे सरकलाय. इथे पायरी लागते हाताला. ओझं उचलायचं नाही, एका पायावर उभं राहायचं नाही. दोन-तीन महिने पाठ टेकून पडून राहा. नाहीतर पायांतली ताकद जाईल, मग मी काही करू शकणार नाही."

दुसरी बाई घाबरली असती. गोजरबाईला हे ऐकून बरं वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा तिला कुणीतरी आडवं पडायला सांगितलं होतं. घरी येऊन ती कुणाला काही बोलली नाही. सून शालू पोटुशी होती, सहावा महिना चालू होता. तिचं बाळंतपण उरकू दे, सव्वा महिना होऊ दे, की चारचौघांत सांगायचं, माझी पाठ मोडली, आता माझा पाय कुणाला मिळणार नाही. खुशाल नावं ठेवा. त्या एका वाक्यावर तिनं तो हिवाळा काढला.

शालूच्या पोटात दुखू लागलं ते भर दुपारी. गडीमाणसं मळ्यात होती. रुखमाबाई सुईण आली, कमरेत वाकलेली, गोजरबाईची सगळ्यात जुनी गिऱ्हाईक. शालू ओरडून ओरडून अर्धमेली झाली, आणि मग आधी बाहेर आले ते दोन इवले पाय. रुखमाबाईच्या हाताला यश होतं. तिनं लेकरू अलगद वळवून काढलं, पाठीवर थापटलं. लेकरू रडलं. मुलगी होती.

"गोजर," रुखमाबाई म्हणाली, "तुह्या घरात दुसरी पायाळू आली व. गावाचं भाग्य उघडलं."

गोजरबाईनं हातातलं गरम पाण्याचं भांडं खाली ठेवलं. तिला आपलं लहानपण आठवलं. सात वर्षांची असताना गावातल्या चार शहाण्यांनी तिच्या डोळ्यांत कसलंसं अंजन घालून तिला पडीक गढीत नेलं होतं, पायाळूला जमिनीतलं धन दिसतं म्हणून. डोळे जळत होते, काही दिसत नव्हतं, आणि दिसत नाही म्हटलं की थोबाडीत बसत होती. आभाळ गडगडलं की बाकीची पोरं अंगणात नाचायची आणि तिला कोठीत कोंडायचे, पायाळूवर वीज पडते म्हणून. ते सगळं आता या ओल्या, लाल गोळ्याच्या वाट्याला येणार होतं. तिला त्या गावाचा मनस्वी राग आला.

"रुखमाबाई, कोनाले सांगू नको," ती म्हणाली. "डोक्याकडून झाली म्हन."

"अवं, असं कसं म्हनू? देवानं देल्लं ते लपवाचं काऊन?"

"मले जे देल्लं ते म्या भोगलं. हिले नको."

शालू डोळे मिटून पडली होती. ती हळूच म्हणाली, "मले त कायीच दिसलं नाई." तेवढं बोलून तिनं तोंड भिंतीकडे वळवलं.

रुखमाबाईनं नाळ बांधली. ती वाईट बाई नव्हती. थकलेली होती, आणि थकलेलं माणूस आधी आपलं पाहतं.

"तू म्हनतं ते खरं," ती शेवटी म्हणाली. "पन गोजर, तुहा पाय आज हाये, उद्या थांबला त? माह्या या पाठीनं कोनाकडं जावं? दुसरी पायाळू हाये हे मालूम असून म्या दुखनं काढत बसू?"

हेच ते. सव्वा महिन्यानं बोलायचं ते वाक्य गोजरबाईच्या ओठांवर आलं होतं. तिनं बाळाकडे पाहिलं. पाय झाडत होतं ते, आणि ते पाय अजून त्याचेच होते.

"माहा पाय थांबत नाई," ती म्हणाली. "मी जिती हाये तवरक कोनालेच नाई म्हनत नाई. तुले त नाईच नाई."

"शपथ?"

"या पोट्टीची."

रुखमाबाईनं मान हलवली. लेकरू पुसून, गुंडाळून आईच्या कुशीत दिलं, हात धुतले आणि कमरेवर हात देत ओसरीवर आली. "वाकून वाकून पाठ भरली माही," ती म्हणाली आणि तिथंच घोंगडीवर पालथी पडली.

गोजरबाईनं खांब धरला. डावा पाय रोवला, उजवा उचलला. कमरेतून कळ निघाली ती पोटरीपर्यंत गेली आणि डावा पाय बधिर झाला. तिनं खांब आणखी घट्ट धरला आणि टाच रुखमाबाईच्या मानेवर ठेवली. मग एकेक मणका करत खाली नेऊ लागली.

तेवढ्यात रंगराव मळ्यातून आला.

"काय झालं?"

"पोट्टी झाली," रुखमाबाई पालथ्या तोंडानं म्हणाली. "डोक्याकडून. बिनघोर."

रंगरावाला आनंद झाला. डोक्याचं पागोटं सोडून त्यानं तोंड पुसलं. "बरं झालं. आन् थो शेषराव बांधावर भेटला व. उसन भरली म्हने त्याची. दोघंतिघं आनखी हायेत. म्या म्हनलं, घरात बाळंतपन हाये, विचारून सांगतो. उद्यापासून येऊ देऊ का त्यायले?"

गोजरबाईचा पाय माकडहाडाशी पोचला होता. तो तिनं खाली टेकवला, दम घेतला, आणि दुसऱ्यांदा उचलला.

"येऊ द्या," ती म्हणाली.