विहीणबाईंचं तोरण

"कणसाची टरफलं? दाराले?"

ऑटोतून उतरता उतरताच शकुंतलाबाईंनी नवऱ्याला कोपर मारलं. नीळकंठरावांनी चष्मा सारखा केला आणि मुलाच्या नव्या घराकडे पाहिलं. चौकटीच्या दोन्ही बाजूंनी वरपासून पार गुडघ्यापर्यंत लड्या सोडल्या होत्या. मक्याच्या कणसाची वाळकी टरफलं कातरून केलेली फुलं, मधूनमधून पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काडीचे तुकडे आणि सगळं बिनरंगाच्या सुती दोऱ्यात ओवलेलं. वर जुन्या पोत्याची एक पट्टी. लाल नाही, हिरवं नाही, एखादा मणी नाही की आरसा नाही.

"चांगलं दिसते की," नीळकंठराव बोलून गेले आणि लगेच पस्तावले.

"तुम्हाले तं वाळलेली तुराटीही चांगली दिसते."

हातातली कापडी पिशवी शकुंतलाबाईंनी पोटाशी घट्ट धरली. पिशवीत तोरण होतं. लोकरीचं, पोपटांचं, प्रत्येक पोपटाच्या चोचीत लाल मणी. दिवाळीपासून त्या हे तोरण विणत होत्या. मेहकरात त्यांच्या गल्लीत असं एक दार नव्हतं ज्याला शकुंतलाबाईंचं तोरण नाही. वास्तू असो, लग्न असो, बारसं असो, बाया आधी त्यांच्याकडे येत. पोपटाची मान वळवायची गाठ फक्त त्यांना येत होती. ती बांधायची वेळ आली की त्या बसल्या जागी भिंतीकडे तोंड करत. शेजारणींनी कितीदा मस्का लावला, पण दाखवली असेल तर शपथ.

आणि मुलानं काय सांगावं? कुशल अमडापूरच्या शाळेत शिक्षक. घर बांधलं, कौतुक आहे. पण महिन्यापूर्वी फोनवर म्हणाला, "आई, तोरण आणू नको बरं. भिंतींना बदामी रंग दिलाय. रेवतीच्या आई सगळं घरच्या घरी करून राह्यल्या, खर्च काहीच नाही. आता न्यूट्रल चालते."

न्यूट्रल! हा शब्द शकुंतलाबाईंच्या घशात तेव्हापासून माशाच्या काट्यासारखा अडकून बसला होता. कुशल लहानपणी तोच लाल मणी दोऱ्यात ओवायला हट्ट धरून बसायचा. आता त्याला मातकट आवडायला लागलं आणि तेही सासूच्या हातचं. तोरण आणू नको म्हणाला म्हणून त्या मुद्दाम घेऊन आल्या होत्या. चारचौघांसमोर पिशवीतून काढू, मग बघू दाराला लावायला कोण नाही म्हणतं, असा त्यांचा बेत होता.

"या, या विहीणबाई!" रेवतीची आई, रुक्मिणीबाई, पुरणाचे हात पदराला पुसत बाहेर आल्या. उंच, काटक बाई. घरचा भाजीपाल्याचा मळा, त्यामुळे तळव्यांना भेगा. "परवास बरा झाला ना? चहा टाकू का?"

"टाका की. आता सगळं तुमच्याच हातात हाये," शकुंतलाबाई म्हणाल्या. रुक्मिणीबाई हसल्या. त्यांना टोमणा कळला नाही, की कळूनही त्यांनी सोडून दिला, हे काही समजलं नाही. शकुंतलाबाईंना त्याचाच जास्त राग आला.

आत तर बघायलाच नको. भिंतीवर ज्वारीच्या धांड्यांची गोल जाळी. दिव्याला पोत्याच्या सुतळीची टोपी. कोपऱ्यात चुना फासलेली मडकी, त्यांत गव्हाच्या वाळक्या ओंब्या. आलेल्या बाया मोबाईल काढून फोटो घेत होत्या. शेजारच्या अंबूबाईंनी तर भिंतीवर हात फिरवून पाहिला.

"बाप्पा! काय हात हाये बाईचा! काहीच खर्च नाही, अन् कसं थंड वाटते डोयाले!"

थंड! शकुंतलाबाईंच्या अंगाची लाहीलाही झाली. आपल्या पोपटांना कोणी आजवर थंड म्हटलं नव्हतं. ऊठसूट लोक त्यांना गोड म्हणत, सुंदर म्हणत. थंड हे काय कौतुक झालं? पण अंबूबाईंच्या तोंडून ते कौतुकच वाटत होतं, आणि ते दुसरीच्या वाट्याला चाललं होतं.

त्या स्वयंपाकघराच्या दाराशी आल्या तेव्हा रुक्मिणीबाई चुलीसमोर घामाघूम होऊन पुरण घाटत होत्या.

"विहीणबाई, एक काम करसान का? रामरावची गाय येऊन राह्यली आता, घरात फिरवाले. तेवढ्या दाराच्या लड्या खिळ्यावरून उतरवून ठेवा. फुलं ताठ राहावी म्हणून कणकीच्या खळीत बुडवेल हायेत. जनावराले वास लागला तं सोडायचं नाही. मी इथं अडकली, पुरण लागन."

"हाव. ठेवते," शकुंतलाबाई म्हणाल्या.

आणि त्या खरंच दारापाशी गेल्या. हात वर केला. लडीचा फास खिळ्यावर नुसता अडकवलेला होता, उचलला की झालं. एवढ्यात अंगणातून अंबूबाईंचा आवाज आला.

"हे दाराचं तुम्ही केलं का हो, कुशलच्या आई?"

"नाही. विहीणबाईंनं."

"तरीच! लग्नात पाह्यलं होतं मी, तुमचं तं भडक राह्यते."

शकुंतलाबाईंनी हात खाली घेतला. पदर सारखा केला. पायरी उतरून त्या ओवाळणीचं ताट घेतलेल्या सुनेच्या बाजूला जाऊन उभ्या राहिल्या.

रामरावांनी गाय आणली. पांढरी, शिंगं रंगवलेली, मागे उड्या मारणारं वासरू. रेवतीनं तिच्या कपाळाला हळदीकुंकू लावलं, पायांवर पाणी घातलं. गुरुजींनी मंत्र सुरू केले. गाय पायरी चढली, चौकटीत आली आणि थांबली. नाकपुड्या फुगल्या. मान डावीकडे वळली.

ओरडायला वेळ होता. "धरा तिले!" एवढं म्हणायला किती लागतं? शकुंतलाबाई वासराकडे पाहत राहिल्या. किती गोड आहे वासरू, असं चेहऱ्यावर आणून पाहत राहिल्या.

कर्रकर्र आवाज झाला. गायीनं एक लड खालून वरपर्यंत ओढली, चार फुलं एका घासात गेली. तोंड हलवत तिनं दुसऱ्या बाजूलाही मान घातली. पोत्याची पट्टी खाली आली. बाया आधी हसल्या, मग रेवती किंचाळली, "मायऽऽ!"

बरं झालं! शकुंतलाबाईंना इतका आनंद झाला की तो चेहऱ्यावर दिसू नये म्हणून त्यांनी तोंडाला पदर लावला. गेलं तुमचं न्यूट्रल गाईच्या पोटात. आता काढा फोटो.

मग त्यांना दोरा दिसला. गायीच्या जिवणीतून लोंबणारा पांढरा दोरा, आणि तो हळूहळू आत चालला होता. शकुंतलाबाई म्हणजे सुलतानपूरच्या शेतकऱ्याची लेक. लहानपणी त्यांच्या गोठ्यात एक गाय अशीच दोरी गिळून मेली होती. पोट फुगून ती तडफडत होती तेव्हा वडील ओसरीवर बसून रडले होते. पदर तोंडावरून खाली पडला.

"सरका! दावं घट्ट धरा, रामराव!"

नव्या जरीच्या साडीतल्या शकुंतलाबाई पुढे घुसल्या. त्यांनी एका हातानं गायीची जीभ बाजूला धरली आणि दुसरा हात मनगटाच्या वर तोंडात घातला. गायीनं मान झटकली, बाईंचं कपाळ चौकटीवर आपटलं. त्यांनी हात सोडला नाही. दोरा हळूहळू, न तोडता, ओढत ओढत सगळा बाहेर काढला. नीळकंठराव तोंड उघडं टाकून बघत राहिले. सगळ्या संसारात त्यांनी बायकोचा हा अवतार पाहिला नव्हता.

हातात लाळेनं भिजलेला गुंता होता. फुलं गेली होती, गाठी राहिल्या होत्या. शकुंतलाबाईंनी अंगठ्यानं एक गाठ चाचपली, मग पुन्हा चाचपली. ती पोपटाच्या मानेची गाठ होती. त्यांची स्वतःची.

रुक्मिणीबाई पुरणाच्या पळीसकट धावत आल्या. रेवती रडकुंडीला आली होती.

"माय, गाय येणार हे तुला माहीत होतं ना? लड्या काढायचं कोणाला सांगितलं नव्हतंस का?"

शकुंतलाबाई भांडणाला तयार झाल्या. मीच काय म्हणून काढायच्या, आल्यापासून पाणीसुद्धा नीट प्यायला मिळालं नाही, अशी सगळी वाक्यं जिभेवर होती. रुक्मिणीबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. एकदाच, पण नीट पाहिलं.

"कोणाले सांगू? मीच इसरली, बाई. पुरणाच्या गडबडीत ध्यानातच नाही राह्यलं," त्या म्हणाल्या. "उलट विहीणबाई होत्या म्हणून गाय वाचली."

सगळ्या बाया शकुंतलाबाईंकडे कौतुकानं पाहायला लागल्या. सकाळपासून ज्या कौतुकासाठी त्या झुरत होत्या ते मिळालं, आणि आता ते अंगावरून झटकून टाकावंसं वाटत होतं.

मागच्या अंगणात रुक्मिणीबाईंनी त्यांच्या हातावर तांब्यानं पाणी घातलं. कोणी जवळ नाही असं पाहून शकुंतलाबाईंनी गुंता पुढे धरला.

"ही गाठ?"

"तुमचीच. पोरीच्या लग्नात तुम्ही आमच्या दाराले तोरण देल्लं होतं ना? थे उंदरानं कुरतडलं. फेकू वाटे ना. मंग उसवू उसवू पाह्यलं, अन् पुन्हा ओवलं. तठूनच हा नाद लागला."

"मले इचारलं काऊन नाही?"

"इचारलं असतं तं सांगतलं असतं का?"

त्या हसून म्हणाल्या. खरं उत्तर दोघींनाही माहीत होतं.

बाहेर गुरुजी घाई करत होते. चौकट ओकीबोकी ठेवून पूजा कशी करायची? रेवती मागच्या दाराशी आली.

"आई, तुम्ही नेहमी तोरण आणता. आज आणलंय का? असेल तर लावू या ना."

मागून कुशलही आला, त्याच्यामागे नीळकंठराव आणि दोनचार बाया. "हाव आई, आणलं असशीन तं दे. तुझंच शोभन."

शकुंतलाबाईंना हेच तर ऐकायचं होतं. अगदी असंच, सगळ्यांसमोर, मुलाच्या तोंडून.

"आहे ना," नीळकंठराव उत्साहानं म्हणाले, "पिश..."

"नाही आणलं," शकुंतलाबाईंनी त्यांना डोळ्यांनीच दाबलं. "तूच नको म्हटलं होतं ना? आंब्याचा डहाळा आण. अन् स्टूल आण."

धुतलेला दोरा त्यांनी सोडवला. त्याच गाठींमध्ये आंब्याची पानं खोवली. स्टुलावर चढून स्वतःच्या हातानं चौकटीला बांधला. कपाळावर टेंगूळ आलं होतं. अंबूबाई खालून म्हणाल्या, "हे बी चांगलं दिसते हो!" शकुंतलाबाईंनी तिकडे लक्ष दिलं नाही.

जेवणं झाली. निघताना स्टँडकडे जाणारी वाट गावातच असलेल्या रुक्मिणीबाईंच्या घरावरून होती. शकुंतलाबाईंनी ऑटो थांबवायला लावला. घराला कुलूप होतं, सगळी माणसं नव्या घरी होती. त्या एकट्याच उतरून दारापाशी गेल्या.

तोरण होतं. लग्नात त्यांनी दिलेलं तेच. उन्हानं रंग उडालेले लाल-हिरवे पोपट डाव्या बाजूला. उजव्या बाजूचे उंदरांनी नेले होते, तिथे बिनरंगाच्या सुतळीचे पोपट केलेले. चोचीत मण्याऐवजी ज्वारीचा दाणा. शकुंतलाबाईंनी टाचा उंचावून आपल्या एका पोपटाची मान ओढून पाहिली. सैल लागली. मग सुतळीच्या पोपटाची ओढली. हलली नाही. पुन्हा जोरात ओढली. मेलीची गाठ आपल्यापेक्षा घट्ट होती.

त्यांनी ती उलटीपालटी करून पाहिली आणि त्या ऑटोकडे वळल्या.

ऑटोत येऊन बसल्यावर नीळकंठरावांनी हळूच विचारलं, "तोरण दिलं काऊन नाही?"

"उद्या विहीणबाईले फोन लावा," शकुंतलाबाई बाहेर बघत म्हणाल्या. "गाठ इतकी घट्ट कशी बसवते, थे इचारा."

"मी? मले काय समजते त्यातलं?"

"इचारा म्हणते ना. अन् मी इचारून राह्यली असं सांगू नका."

ऑटो सुरू झाला. पिशवी मांडीवर होती. तिच्यात हात घालून शकुंतलाबाईंनी एका पोपटाची मान बोटांनी धरली आणि मेहकरची बस येईपर्यंत ती सोडली नाही.