चित्राखालची ओळ

चपलांचा ढीग हॉलच्या दारातून जिन्यापर्यंत पोचला होता. आत ग्रंथबाबा डोळ्यांवर पट्टी बांधून बसलेले, पुढ्यात लाल मखमलीचं वेष्टन घातलेला जाडजूड ग्रंथ, बाजूला लोकांनी सोडलेली औषधं टाकायची बादली. आपण अवयव सांगायचा, बाबांनी ग्रंथाच्या कडेवरून अंगठा फिरवायचा, की पान नेमकं तेच उघडायचं.

"गुडघा!" शिंपीकाका ओरडले.

गुडघा निघाला. टाळ्या.

"पोट!"

पोट निघालं. शेजारच्या काकूंना रडूच आलं. पोट अगदी हुबेहूब त्यांचंच होतं म्हणे.

पहिल्या रांगेत माझी मावशी, मांडीवर तिचा टिल्लू. टिल्लूला दमा आहे. त्याचा पंप एक दिवसही चुकवू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. "आज हा पंप कायमचा सुटणार," असं मावशीने सकाळीच जाहीर केलं, म्हणून मीही मागोमाग गेले.

"फुप्फुस," मावशी म्हणाली.

अंगठा फिरला. रंगीत फुप्फुस.

"माये, हे तुझ्या लेकराचं फुप्फुस! पंपाने पार शिणलंय. टाक तो बादलीत आणि माझी पुडी सुरू कर."

पंप धरलेला मावशीचा हात बादलीवर गेला.

इथे एक सांगायला हवं. दर शनिवारी मी शाळेच्या वाचनालयात दुसरीच्या मुलांना माहितीची पुस्तकं वाचायला शिकवते. आधी पुस्तकाचं नाव, मग अनुक्रमणिका, मागची सूची. आणि चित्र कितीही आवडलं तरी खालची ओळ वाचल्याशिवाय पान उलटायचं नाही. टिल्लू माझ्याच वर्गात आहे. तिथे तो फक्त खिडकीबाहेर बघतो.

आज मात्र त्याने हात वर केला. "ताई, चित्राखालच्या ओळीवर चिकटपट्टी आहे. काढू?"

"काढ."

"हात लावशील तर भस्म होशील!" बाबा गरजले.

"मला आधीच दमा आहे," टिल्लू म्हणाला आणि चिकटपट्टी ओढली. मग बोट ठेवून वाचलं, "नि-रो-गी मेंढीचे फुप्फुस."

मावशीने चित्राकडे बघितलं. मग टिल्लूकडे.

मी मखमल सोडली. 'जनावरांचा सचित्र शरीरकोश.' पानांच्या कडेला प्रत्येक अक्षरासाठी खाच कापलेली, मोठ्या शब्दकोशांना असते तशी. सरावलेल्या अंगठ्याला 'फ' सापडायला डोळे कशाला लागतात?

"आता यात गुडघा काढा," मी दप्तरातलं बिनखाचांचं विज्ञानाचं पुस्तक पुढे केलं.

"त्यात तेज नाही," बाबा म्हणाले आणि उठले. चपला शोधायला मात्र त्यांना डोळ्यांवरची पट्टी काढावी लागली.

"म्हणजे ते पोट..." काकू चाचरल्या.

"बैलाचं असेल, काकू."

मावशीने पंप टिल्लूच्या तोंडाला लावला. "ओढ श्वास, राजा."

तेव्हा मंडळी, कुणी पुस्तक दाखवून तुमचं औषध सोडवू लागला, तर त्या पुस्तकाचं नाव कुणी झाकलं आणि चित्राखाली काय लिहिलंय, एवढं विचाराच. फार काही लागत नाही. भरल्या हॉलमध्ये हात वर करावा लागतो.