डाव्या हाताची सही

लातूरच्या त्या गल्लीतल्या भाड्याच्या घरात आठ दिवसांनी नळाला पाणी आलं होतं. उज्वलानं दोन पिंपं भरली, डबा बांधला आणि दवाखान्यातल्या प्रयोगशाळेत निघण्यासाठी चप्पल घातली. तेवढ्यात सासरे साहेबराव बाजेवरून म्हणाले, "सूनबाई, आज रजा टाका. सही पायजे तुमची."

"कशावर, मामा?"

"कशावर म्हंजे? घराच्या कर्जावर."

घर हा या कुटुंबातला दुखरा शब्द होता. नवरा सुदर्शननं मोबाइलच्या दुकानासाठी राहतं घर तारण ठेवलं होतं. हप्ते थकले, बँकेनं दाराला सील ठोकलं आणि घर लिलावात गेलं. तरी थोडी बाकी उरलीच. नंतर तो नव्या घरासाठी तीन बँका फिरला. सगळीकडे एकच उत्तर मिळालं: उरलेलं भरा, बेबाकीचा दाखला घ्या, दोन-तीन वर्षं व्यवहार चोख ठेवा, मग या. रस्ता लांबचा होता, पण होता. साहेबरावांनी जवळचा शोधला. नोकरीवाली सून.

देगलूरला मुलगी बघायला आले तेव्हा त्यांनी सोनं मागितलं नाही की गाडी मागितली नाही. चहाची बशी खाली ठेवत साहेबरावांनी एवढंच विचारलं, "पोरीचं सिबिल किती हाय?" कर्ज देताना बँका बघतात तो आकडा उज्वलाची आई मनकर्णाबाई हिला ठाऊक नव्हता; तिला वाटलं, रक्ताची काही तपासणी असेल. ती घाईनं म्हणाली, "चांगलंच हाय की! कधी तापसुदीक आला न्हाई लेकीला." सगळे हसले. लग्नपत्रिकेवर ठळक अक्षरांत छापलं गेलं: हुंडा न घेता विवाह.

त्याला आठ महिने झाले होते. आता उज्वलानं चप्पल काढली आणि उभ्यानंच कागद वाचले. सवयीप्रमाणे दोनदा वाचले. मग म्हणाली, "खरेदीखत मामांच्या नावावर आणि वीस वर्षं हप्ते माझ्या पगारातून. घरावर माझं नाव कुठंय?"

"बायकूचं नाव घरावर?" सुदर्शन हसला. "उद्या दाराला पाटी पण लाव म्हणशील."

सासू सिंधुबाई शेंगदाणे भाजत होती. तिथूनच म्हणाली, "हुंडा सोडला आमी, त्याची ही फेड. सही कराया हात झडले का गं तुझे?"

"सोडला कुठं, आत्याबाई? हुंडाच मागून राहिलात. हप्त्यानं."

सुदर्शनची पहिली थप्पड कानावर बसली. साहेबराव उठले, दाराला आतून कडी घातली आणि पुन्हा बाजेवर जाऊन बसले. सिंधुबाईनं शेंगदाणे मिक्सरमध्ये ओतले आणि बटण दाबलं.

मिक्सरच्या आवाजात सुदर्शननं तिला केसांना धरून भिंतीकडे ओढलं. डोकं आपटलं. कमरेत लाथ बसली. ती उठू लागली तशी पुन्हा लाथ बसली. "करती का न्हाई?" तो प्रत्येक वेळी तेवढंच विचारत होता. तिनं मान हलवली. मग त्यानं कोपऱ्यातली शटर ओढायची लोखंडी सळई घेतली. दुकानातली एवढी एकच वस्तू उरली होती. उज्वलानं डोकं वाचवायला उजवा हात वर धरला.

हाड मोडल्याचा आवाज मिक्सरच्या आवाजातही ऐकू आला.

सिंधुबाईनं बटण बंद केलं. कुटाचा तेलकट गोळा झाला होता. साहेबराव पहिल्यांदा चिडले, तेही लेकावर. "येड्या, सही करायचाच हात मोडलास की!"

दवाखान्यात "कसं लागलं?" या प्रश्नाला सुदर्शननंच उत्तर दिलं, "बाथरूममधी घसरली." सहा आठवड्यांचं प्लास्टर घातलं. नव्या घरासाठी दिलेल्या इसाराची मुदत मात्र गुरुवारी संपत होती. साहेबरावांनी बँकेत चौकशी केली. सही जमत नसेल तर डॉक्टरचा दाखला आणून अंगठा चालेल, असं कळलं. बुधवारी रात्री सुदर्शननं उज्वलाच्या उशाशी सळई ठेवली.

गुरुवारी सासरा आणि नवरा तिला दोन्हीकडून धरून बँकेत घेऊन गेले. कर्जाच्या टेबलावर राजकन्या नावाच्या बाई होत्या. किनवटच्या वसतिगृहात शिकून इथवर आलेल्या. त्यांनी कागद पाहिले, लिलावात गेलेल्या घराची नोंदही पाहिली.

"शिक्षण?"

"एमएस्सी," उज्वला म्हणाली.

"आन् अंगठा?"

"हात मोडलाय मॅडम. दाखला लावलाय. लावून घ्या पटकन," सुदर्शन म्हणाला.

"पटकन नाही होत. अंगठा घ्यायचा तर सगळं वाचून दाखवावं लागतं. माझ्या आज्जीला न वाचता लावायला लावला होता एकदा. शेत गेलं." त्यांनी चष्मा घातला आणि पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. साहेबराव घड्याळ बघत राहिले. शेवटच्या पानावर बाई थांबल्या. "'हे कर्ज मी स्वखुशीने घेत आहे.' ताई, स्वखुशीनं घेताय ना?"

टेबलाखाली सुदर्शनच्या बोटांनी प्लास्टरच्या कडेवर दाब दिला. कळ खांद्यापर्यंत गेली. उज्वलाच्या कपाळावर घाम आला. शाईचा पॅड समोर उघडा होता.

"नाही," ती म्हणाली.

"आं?"

"घसरून पडणारा माणूस हात खाली टेकतो, मॅडम. मनगटाजवळ मोडतं. माझं मधोमध मोडलंय. मार अडवायला हात वर धरला की मोडतं तिथं. एक्स-रेत दिसतं." तिनं नवऱ्याकडे पाहिलं. "सळईनं मारलं यानं. या सहीसाठी."

सुदर्शननं भर बँकेत तिची मान धरून तोंड टेबलावर आपटलं. ओठ फाटला. कागदावर पॅडची शाई फासली गेली आणि शाईवर रक्त. रांगेतली माणसं जागीच थिजली. शिपाई आणि राजकन्याबाईंनी मिळून त्याला मागं खेचलं.

"घरातला मामला हाय!" साहेबराव ओरडत होते. "हुंडा सुदीक घेतला न्हाई आमी!"

"घर तर गेलंय ना तुमचं?" बाई म्हणाल्या. "मग घरातला कसा? हा बँकेतला मामला आहे. मी साक्षीदार आहे." त्यांनी पोलिसांना फोन लावला.

संध्याकाळी पोलीस ठाण्यात तक्रार लिहून झाली. हवालदारानं पॅड पुढं सरकवला. "लावा अंगठा, ताई."

उज्वलाचा ओठ सुजला होता. बोलायला त्रास होत होता. अकरावीत असताना तिनं आईला सही शिकवली होती. मनकर्णाबाई पाटीवर खडू घट्ट धरून बसायची, अक्षरं वर चढत जायची, आणि म्हणायची, "वाकडी का असंना, माझी हाय."

"अंगठा नको," उज्वला म्हणाली. "पेन द्या."

डाव्या हातानं तिला बराच वेळ लागला. अक्षरं वर चढत गेली.

त्या आठवड्यात लातुरात आणि नांदेडात कितीतरी लग्नपत्रिका छापून झाल्या असतील. 'हुंडा न घेता' असं त्यातल्या अनेकींवर असेल. चहाची बशी खाली ठेवताना काय विचारलं गेलं, ते कुणी छापत नाही. ज्यांच्या घरात ती बशी ठेवली गेली, त्यांना ते माहीत आहे.