चपलांची रांग

"मॅडम, पाटीवरचे हे बारा मिनिटं कुठून मोजता?"

प्रश्न एवढाच होता. पण तो विचारायचा होता थेट तपासणीला येणाऱ्या मॅडमना, सगळ्यांच्या देखत. प्रतीक्षानं अख्ख्या दहावी 'ब'समोर प्रियदर्शनीशी पैज लावली होती. विचारला तर राजकमल चौकात एक प्लेट गिला वडा, नाही विचारला तर शाळा संपेपर्यंत तोंड बंद.

झालं असं, की प्रियदर्शनीचे बाबा ज्या दवाखान्यात मॅनेजर होते, तिथं दारातच चकचकीत पाटी होती : 'सरासरी प्रतीक्षा १२ मिनिटे.' आणि प्रतीक्षाची आजी तिथं सकाळी सातपासून साडेदहापर्यंत बाकावर बसून आली होती.

"तुह्या बाबांच्या दवाखान्यातले मिनिटं रबराचे हायेत का वं?" प्रतीक्षानं डबा खाता खाता विचारलं आणि सगळ्या पोरी फिदीफिदी हसल्या.

आधीची प्रियदर्शनी असती तर रडत घरी गेली असती. पण डिसेंबरात वक्तृत्व स्पर्धेत तिचा दुसरा नंबर आला होता आणि माईकची भीती जी गेली ती गेलीच. "विचारते ना! त्यात काय?" ती म्हणाली.

त्यात काय, हे तिला पुरतं ठाऊक होतं. दवाखान्याला मानांकनाचं प्रमाणपत्र मिळालं तरच सरकारी योजनेत गोरगरिबांची ऑपरेशनं फुकट होणार होती. आणि मोठे डॉक्टर बाबांना सगळ्यांसमोर बोलले होते, "अश्विन, प्रमाणपत्र हुकलं तर मॅनेजर बदलावा लागेल." तपासणी दोन दिवस चालणार होती, शुक्रवार आणि शनिवार. शाळेला स्नेहसंमेलनानंतरची सुट्टी होती, म्हणून प्रियदर्शनी मदतीला म्हणून बाबांच्या गाडीवर मागं बसून निघाली. आई, म्हणजे शालू सिस्टर, रक्त घ्यायच्या खोलीत ड्युटीला आधीच पोचली होती.

पावणेआठला दवाखान्याच्या पायरीपासून फाटकापर्यंत चपलाच चपला पडल्या होत्या. एकामागे एक, वळण घेत गेलेल्या. मालक कोणी लिंबाखाली बसलेले, कोणी नळावर, कोणी बाकावर आडवे झालेले.

"बेटा, हे चपलांचं दुकान पयले हटव," बाबा म्हणाले. कालच आणलेला स्टीलचा रॅक त्यांनी दाखवला. "मॅडमच्या डोळ्यात पयले तेच भरन."

मग काय विचारता! प्रियदर्शनीनं ओढणी कमरेला खोचली. मोठ्या चपला वर, लहान खाली, काळ्या एकीकडे, रंगीत एकीकडे. एका निळ्या स्लिपरचा पट्टा लाल चिंधीनं बांधलेला होता. ती जोडी पायरीला अगदी चिकटून सर्वांत पुढं होती. ती तिनं सगळ्यात खालच्या फळीवर, मागं सरकवली. तेवढी गबाळी जोडी दिसायला नको.

"अवं पोरी, त्या चपला..." बाकावरचा एक माणूस उठत म्हणाला.

"टेन्शन नका घेऊ काका, सगळ्या नीट राहतील!"

शेजारच्यानं त्याची बाही ओढली. "बस ना बाप्पा. मॅनेजर साहेबाची पोरगी हाय ते." माणूस खाली बसला.

साडेनऊला मॅडम आल्या. पांढरी साडी, हातात पॅड, बोलणं मोजकं. रॅकपाशी त्या थांबल्या, काहीतरी लिहिलं आणि चक्क हसल्या. बाबांनी लांबूनच प्रियदर्शनीकडे पाहून मान डोलावली. ती अशी काही फुलली, की प्रश्नबिश्न दुपारी पाहू, असं तिनं स्वतःला सांगून टाकलं.

दहाला, मॅडम आत वॉर्ड पाहत असताना, टोकनची खिडकी उघडली आणि सगळं बिघडलं.

लोक उठले ते खिडकीकडे नाही, पायरीकडे धावले. "माही चप्पल कुठी हाय?" "अरे, मी पाचवा होतो!" "तू पाचवा? मी तुह्या पुढं होतो ना!" रॅकवर झुंबड उडाली. दोन माणसं एकमेकांच्या अंगावर धावून गेली. प्रियदर्शनी भिंतीला टेकून उभी राहिली, आणि तेव्हा कुठं तिला उलगडलं.

चपला नुसत्या काढून ठेवलेल्या नव्हत्याच. ती रांग होती. भातकुलीची पहिली गाडी सातला यायची, टोकन मिळायचं दहाला. मधले तीन तास उभं कोण राहणार? ज्याची चप्पल पुढं त्याचं टोकन आधी, हे सगळ्यांनी आपसांत ठरवून घेतलं होतं. शिपायापासून पेशंटपर्यंत सगळ्यांना ते ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं फक्त तिला आणि बाबांना, कारण दोघंही नेहमी मागच्या दारानं यायचे.

शेवटी ज्याच्या कोपरात जोर त्याला आधी टोकन मिळालं.

अकराला दहा मिनिटं कमी असताना लिंबाखाली कोणीतरी ओरडलं. एक म्हातारी बाकावरून घसरून खाली पडली होती. अंग घामानं निथळत होतं, डोळे अर्धे मिटलेले. आई खोलीतून धावत आली, बोटाला सुई टोचून तिनं मशीन लावलं आणि आकडा पाहताच आवाज दिला.

"शुगर चाळीसवर आली! ग्लुकोज आणा, लवकर!"

म्हातारीच्या मांडीवर फडक्यात भाकर बांधलेली होती. न सोडलेली. पार्बताबाई तिचं नाव. उपाशीपोटी रक्त द्यायचं म्हणून रात्रीपासून तिच्या पोटात काही नव्हतं. शुगरची गोळी मात्र ती पहाटे घरूनच गिळून निघाली होती. तसं करू नये, हे आई तिला दर वेळी सांगायची. पण पार्बताबाईचा हिशेब सरळ होता. पहिल्या गाडीनं यायचं, चप्पल पहिली लावायची, दहा वाजता रक्त द्यायचं आणि सव्वादहाला भाकर खायची. आज तिच्या हातात एकतिसावं टोकन होतं.

तिला आत पलंगावर नेलं, सलाईन लागलं. मॅडम पॅड घेऊन शेजारी येऊन उभ्या राहिल्या. "या केव्हापासून बसल्या होत्या?"

बाबांनी घसा खाकरला आणि कॉम्प्युटरच्या पडद्याकडे पाहिलं. "मॅडम, टोकन दहा चाळीसचं आहे. म्हणजे... दहा मिनिटं."

आईच्या हातातली पट्टी क्षणभर तशीच राहिली.

प्रश्न प्रियदर्शनीच्या अगदी जिभेवर होता. तिनं तोंड उघडलंसुद्धा. आणि तेवढ्यात बाबांनी तिच्याकडे पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर तिनं विचारलाच असता. ते पाहत होते ते घाबरून. बाबा आपल्याला घाबरले, हे तिनं जन्मात पहिल्यांदा पाहिलं आणि तिचं तोंड आपोआप मिटलं.

"ठीक," म्हणत मॅडमनी लिहून घेतलं.

अर्ध्या तासानं पार्बताबाईनं डोळे उघडले. पहिला शब्द निघाला, "माह्या चपला?"

प्रियदर्शनी धावत गेली. खालच्या फळीवर, मागं, लाल चिंधीची जोडी होती. ती तिनं पलंगापाशी आणून ठेवली.

"याच माह्या, हे तुले कसं मालूम वं पोरी?"

"मीच उचलल्या होत्या, आजी. सगळ्यात पुढं होत्या तुमच्या."

म्हातारीनं तिच्याकडे नुसतं पाहिलं. मग फडकं सोडून भाकरीचा तुकडा मोडला आणि म्हणाली, "तू तरी खाल्लं का?"

याच्यापेक्षा तिनं एक ठेवून दिली असती तर बरं झालं असतं.

संध्याकाळी घरी बाबा खुशीत होते. निदान खुशीत असल्यासारखे बोलत होते. "शालू, मॅडमनं काय लिहिलं मालूम हाय? पादत्राणांची व्यवस्था उत्तम! आपल्या पोरीनं केली ना ते!"

आईनं वरणाचं पातेलं जरा जोरातच खाली ठेवलं. "म्हातारी मेली असती आज."

"पण वाचली ना? तूच वाचवलं."

"मी एकटी किती जणाले पाहू?"

बाबांनी हातातला घास ताटात ठेवला. "मंग मी काय करू, सांग! पयले सातपासूनच टोकन देत होतो. सरासरी आली पावणेतीन तास. तिसरा डॉक्टर द्या म्हणून दोन वर्षं मागून राहिलो. मोठे डॉक्टर देत नाई. म्हणते आकडा खाली आण. डॉक्टर वाढवून मिळेना, मंग मी टोकनचीच वेळ सरकवली. शाल देऊन सत्कार केला माहा त्यासाठी!" त्यांनी पाण्याचा घोट घेतला. "उद्याचा एक दिवस निघू द्या. मंग पाहू."

वाटीतलं वरण गार होत होतं.

प्रियदर्शनीनं ताट बाजूला सारलं. गिला वडा, प्रतीक्षा, पैज, काही काही आठवत नव्हतं. डोळ्यांपुढं होतं फक्त ते बांधलेलं फडकं.

"बाबा, आई, माहं ठरलं," ती म्हणाली. "उद्या सातच्या गाडीच्या आधी मी खिडकीत बसून राहीन. जो येईल त्याले चिठ्ठीवर नंबर आणि आल्याची वेळ लिहून देईन. साडेनऊला मॅडम आल्या, की त्या चिठ्ठ्या त्याह्यच्या हातात देईन आणि विचारीन, बारा मिनिटं कुठून मोजता. चपला कोणी हलवल्या तेही सांगीन, माह्या नावानिशी." ती बाबांकडे वळली. "तुमाले आज काहून सांगून राहिली, मालूम? साडेनऊच्या आधी तुमी स्वतःच मॅडमले सांगतलं, तर मले विचारायची गरजच पडणार नाही."