तिसऱ्या मजल्यावरची महासत्ता

आकडेवारी खात्याची इमारत चार मजली होती, आणि तिच्या जिन्याच्या भिंतीवरून देश वर चढत होता.

झालं होतं असं. साहेबांनी देशाच्या वाढीचा आलेख कागदावर काढायला सांगितला, तर रेघ कागदात मावेना. कागदाला कागद चिकटवले, तरी मावेना. वाढच तशी होती, दृष्ट लागण्यासारखी. शेवटी साहेब म्हणाले, "भिंतीवर काढा." तेव्हापासून खात्याचे आलेखवाले, पाठीला पोक, कानावर पेन्सिल आणि खांद्यावर दोरीचं भेंडोळं, जिन्यात एकटेच दोन रेघा ओढत होते. निळी रेघ जगातल्या पहिल्या नंबरच्या देशाची. ती दुसऱ्या मजल्यावरून निघाली होती आणि पोटभर जेवलेल्या माणसासारखी संथ चालली होती. लाल रेघ आपली. ती खाली दरवाज्यापाशी सुरू झाली आणि दोन-दोन पायऱ्या गाळत वर सुटली. जिथे लाल निळीला गाठेल, तिथे आपण महासत्ता. त्या ठिपक्यापाशी फीत कापायला गुरुवारी मंत्री येणार होते.

मंगळवारी सकाळी तिसऱ्या मजल्यावरच्या कँटीनमध्ये मावशी ग्लास विसळत होती. ती सगळ्या खात्याची मावशी होती, साहेबांचीही. दारातून आधी दोरीचं टोक आत आलं, मग आलेखवाले.

"मावशी, जरा सरका. देश येतोय."

"येऊ दे की. पाय पुसून ये म्हणावं."

आलेखवाल्यांनी लाल दोरी ताणली, निळी ताणली, आणि दोन्ही जिथे भेटल्या तिथे बोट ठेवलं. चहाच्या बंबाच्या उजवीकडे, दाराच्या चौकटीशेजारी. मावशीच्या हातातला ग्लास तसाच निथळत राहिला.

तिथे ठमी होती.

ठमी म्हणजे मावशीची एकुलती एक लेक. शाळा सुटली की ती इथेच यायची, साखरेच्या डब्यावर वही ठेवून अभ्यास करायची, आणि दर वाढदिवसाला या भिंतीला पाठ लावून उभी राहायची. मावशी तिच्या डोक्यावर पुस्तक आडवं धरून पेन्सिलीने खूण करायची. पाच वर्षांची, सहा वर्षांची, अशा अठरापर्यंत चौदा खुणा. आता ठमी सव्वीस वर्षांची होती, दूरच्या बंदरावर मोठी क्रेन चालवायची आणि दोन वर्षांतून एकदा यायची. आली की पिशवी खाली ठेवायच्या आधी भिंतीला पाठ लावायची. फोटोंवर मावशीचा भरवसा नव्हता. फोटोत माणूस हसून दाखवतं. भिंतीवर माणूस असतं तेवढंच असतं.

"इथे उद्या पांढरा रंग मारतील," आलेखवाले म्हणाले. "ठिपका उठून दिसायला हवा."

मावशी पदराला हात पुसत तीन मजले उतरून साहेबांकडे गेली.

"मावशी, महासत्ता व्हायचं तर थोडा त्याग करावा लागतो," साहेब म्हणाले.

"मग तुमच्या केबिनमध्ये व्हा की."

"गणितात माझी केबिन येत नाही."

"बसवा."

"गणित बसवायचं नसतं, मावशी," साहेब म्हणाले, आणि दोघंही खिडकीबाहेर बघू लागली. कारण मावशी बावीस वर्षं याच खात्याला चहा पाजत होती.

बुधवारी रंगारी आला, हातात बादली आणि तोंडात शीळ. मावशीने त्याला चहा दिला. मग म्हणाली, पहिला जरा फिका झाला, आता नीट देते. मग दूध नवीन आलं म्हणून तिसरा. रंगारी गरीब स्वभावाचा होता, समोर आलेल्या कपाला नाही म्हणणं त्याच्या रक्तात नव्हतं. त्याला असा खुर्चीत रुजवून मावशी आलेखवाल्यांकडे वळली. ते रेघा पक्क्या करत होते.

"आलेखवाले, उद्याचं तुम्हाला आज कसं हो कळतं?"

"सोपं आहे. मागची दोन-तीन वर्षं बघायची, आणि त्याच वेगाने दोरी पुढे ताणायची."

"एवढंच?"

"दोरी सैल पडू द्यायची नाही. त्यातच सगळी कला आहे."

"मग माझ्या ठमीची ताणा बरं."

आलेखवाल्यांचा एक दोष होता. दोन ठिपके दिसले की ते जोडल्याशिवाय त्यांना घास गिळवत नसे. त्यांनी खुणा निरखल्या. दहा, अकरा, बारा. त्या दोन वर्षांत पोर वर्षाला चार बोटं उंच झाली होती. सकाळी घातलेला फ्रॉक संध्याकाळी तोकडा वाटायचा. लाल आणि निळा खडू कामात होते, म्हणून हिरवा घेतला. वर्षाला दोन बोटं आडवं, चार बोटं उभं. दोरी फळीवरून गेली, झरोक्यावरून गेली, छताला टेकली. आलेखवाले स्टुलावर चढले, बोटांवर हिशेब केला, आणि स्टुलावरच थांबले.

"मावशी, ही निवृत्त होईल तेव्हा हिचे पाय इथे असतील आणि डोकं चौथ्या मजल्यावर, तक्रार विभागात."

"आणि खरी ठमी माझ्या कानाएवढी आहे. तेराव्या वर्षी जी थांबली ती थांबलीच. पुढच्या पाच खुणा बघा, एकीवर एक बसल्यात."

आलेखवाले खाली उतरले. कानावरची पेन्सिल काढून त्यांनी दुसऱ्या कानावर ठेवली. मग जिन्याकडे बघितलं, जिथून लाल रेघ धापा टाकत वर आली होती, आणि साखरेच्या डब्यावर बसले.

"मला पण एक चहा द्या," ते म्हणाले.

तेवढ्यात चार वाजले. चारनंतर रंगारी डबा उघडत नसे, रंग वाळत नाही म्हणून. सातवा कप खाली ठेवून, पोट सांभाळत तो घरी गेला.

गुरुवारी मंत्री आले तेव्हा भिंत होती तशीच होती. लाल, निळी, हिरवी, आणि मधे ठमी. साहेबांचा चेहरा मात्र रंग न मारताच पांढरा झाला होता. मंत्री बुटके होते, बूट उंच होते, आणि मागे फाइल धरलेले सचिव. मंत्र्यांनी लाल बघितली, निळी बघितली, आणि हिरवीवर त्यांची नजर खिळली.

"ही तर दोघांनाही मागे टाकून छतात गेली. कोणाची ही?"

साहेबांनी आलेखवाल्यांकडे बघितलं. आलेखवाल्यांनी दोरीकडे.

"ठमीची," मावशी म्हणाली.

मंत्री गंभीर झाले. सचिवांकडे झुकून त्यांनी हळूच विचारलं, "ठमीशी आपले संबंध कसे आहेत?"

"सौहार्दाचे आहेत," सचिव सवयीने म्हणाले.

"चांगलेच आहेत, मंत्रीसाहेब," मावशी म्हणाली. "दर रविवारी फोन येतो. लेक आहे माझी."

मग तिने सगळं सांगितलं, बंबाची तोटी पुसता पुसता. साहेबांनी डोळे मिटून घेतले. मंत्री ऐकत राहिले.

"म्हणजे वाढ थांबली? अचानक?"

"अचानक कसली. व्हायची तेवढी झाली. बाराव्या वर्षी शाळेत सगळ्यांत उंच होती. तर शेवटच्या बाकावर बसवली, फळा दिसेना. कोणाचाही चेंडू छपरावर गेला की हिला हाक. कुठे जळमट दिसलं की हिला हाक. भांडणं दुसऱ्यांची, आणि मधे उभी ही, कारण लांबून दिसायची. पहिला नंबर म्हणजे दुसऱ्यांचे चेंडू काढणं, साहेब."

मंत्र्यांनी बोटात धरलेली कात्री खिशात ठेवली. तो निळा देश आजवर किती छपरांवर चढला असेल, असं काहीतरी त्यांच्या मनात चाललं असावं.

"आणि थांबली तेव्हा तिला वाईट नाही वाटलं?"

"एक दिवस रडली. दुसऱ्या दिवशी म्हणाली, आई, आता फ्रॉक तरी दोन वर्षं टिकेल."

"मग आपण होणार की नाही महासत्ता?"

"होऊ की. पण किती झालो ते आधी भिंतीला पाठ लावून बघावं. दोरी काय, ताणाल तितकी ताणली जाते."

आलेखवाल्यांनी भेंडोळं पाठीमागे लपवलं.

मंत्री खुणांवरून बोट फिरवू लागले. मग इतक्या हळू बोलले, की सचिवांनाही लिहिता आलं नाही. "माझी कधी कोणी अशी खूण केली नाही."

"या की मग. अशी पाठ टेकवा."

"बूट काढू?"

"सगळेच काढतात."

मंत्री मोज्यांवर उभे राहिले आणि एकदम दोन बोटं कमी झाले. टाचा उचलल्या, तशी मावशी म्हणाली, "टाचा खाली. ठमी पण असंच करायची." त्यांनी टाचा खाली केल्या. मावशीने डोक्यावर पुस्तक आडवं धरलं आणि पेन्सिल ओढली. मंत्री वळले आणि खूण बघून लहान मुलासारखे हसले.

मग सचिव उभे राहिले. मग साहेब. आलेखवाले पोक काढून उभे राहिले, तेव्हा ते सगळ्यांत उंच निघाले आणि फार लाजले. ठिपका आणि फीत दोन्ही विसरली गेली. त्या फितीने पुढे मावशीने बंबाचा हलणारा कान बांधून टाकला.

शुक्रवारी रंगारी बादली घेऊन पुन्हा आला. साहेब जिन्यातच आडवे आले.

"त्या भिंतीला हात लावायचा नाही. मंत्री आहेत तिच्यावर."

"मग ठिपका?"

"चौथ्या मजल्यावर बघू. गणित जरा बसवून घेतो."

रंगारी कँटीनमध्ये डोकावला. त्याचा कप भरून ठेवलेला होता.

रविवारी फोन आला. मागे भोंगे वाजत होते, वारा घोंघावत होता.

"आई, भिंत आहे ना गं?"

"आहे. फक्त तुझ्या अकरा आणि बाराच्या मधे मंत्री आहेत."

"कोण?"

"मंत्री. जरा दाटी झालीय बाई, येशील तेव्हा सांभाळून घे."